सरव्याचे तांदूळ

मी एसटीत कंडक्टर आहे आणि माझा आवाज मोठा आहे. आमच्या मंडळीत या दोन्ही गोष्टी माझ्याविरुद्ध वापरल्या जातात. रविवारी उपासना संपल्यावर मी काही बोलायला उभी राहिले की मागून कोणीतरी हळूच म्हणतं, "बसमधी नाही आहात बाई तुम्ही." नाहीच आहे. बसमध्ये असते तर प्रश्न केव्हाच सुटला असता. तिथं बाकावर दोघं ऐसपैस बसले असतील आणि तिसरा उभा असेल, तर मी एकदाच ओरडते, "सरका!" लोक कुरकुरतात, पण सरकतात. चर्चमध्ये हा शब्द चालत नाही. तिथं आधी समिती बसते.

ती मला बसमध्येच भेटली. गोंदियाहून सुटणारी दुपारची गाडी. पन्नाशीची बाई, मांडीवर गाठोडं, पायात दोन वेगवेगळ्या चपला. कुठं जायचं विचारलं तर तिनंच मला विचारलं, "कोठं जाते जी ही गाडी?" म्हटलं, गोरेगावला. "मंग तेथचंच द्या." बायकांचं अर्धं तिकीट फाडून दिलं. गोरेगावला सगळी गाडी रिकामी झाली आणि ही बसलेलीच. "मावशी, उतरा," म्हटलं. ती म्हणाली, "वापस जाते का गाडी?" जाते म्हटल्यावर पुन्हा तिकीट घेतलं. संध्याकाळपर्यंत ती अशीच गेली आणि आली. शेवटी मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, की बाई, तुम्हांला जायचंय तरी कुठं. ती म्हणाली, "जाऊन तर कोठीच नाही राहिली. बसून राहिली."

हळूहळू कळलं ते असं. दरेकशाच्या पुढं डोंगरात तिचं गाव. नवरा गेलेला. शेजारच्या घरातलं लेकरू तापानं गेलं आणि गावातल्या जाणत्यानं हिच्या घराकडे बोट दाखवलं. त्या पट्ट्यात छत्तीसगडचं बोलणं मिसळलेलं आहे; तिकडं अशा बाईला टोनही म्हणतात. नजरेनं लेकरं खाणारी. लोकांनी तिच्या घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, ओढून फोडली आणि तिला गावाच्या शिवेपर्यंत हाकलत नेलं. पोलीस आले, समज देऊन गेले. कायदा आहे, पण कायदा काही कोणाच्या घरावर कवेलू चढवून देत नाही. मुलीच्या सासरी गेली तर त्यांनी दारातूनच पाणी पाजून वाटेला लावलं. म्हणून ती रेल्वेनं गोंदियाला आली आणि समोर दिसली त्या गाडीत चढली.

आमचं घर एकच, चूल एकच, आणि ती चूल मोठ्या जाऊबाईंच्या ताब्यात. तिला घरी नेणं मला शक्य नव्हतं. पण आमच्या चर्चच्या मागं एक खोली आहे. पूर्वी फिरते सुवार्तिक आले की तिथं उतरायचे. आता मोडके बाक आणि नाताळच्या तारका ठेवतो. मी पाळकांना फोन लावला. आमचे पाळक तरुण आहेत, स्वभावानं गोड आहेत, आणि त्यांना कोणालाच नाही म्हणता येत नाही. तेव्हा मला हा गुण वाटला होता. "काही दिवस राहू द्या," ते म्हणाले. "पुढचं प्रभू पाहील." पुढचं प्रभूवर टाकलं की आमच्याकडे माणसं मोकळी होतात.

ती राहिली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अंगण सारवलं. बाकांना खिळे ठोकले. रविवारी दारापाशी शेवटच्या चटईवर येऊन बसली, कोणी बोलावलं नव्हतं तरी. गाणी तिला येत नव्हती, पण टाळ्या बरोबर तालात वाजवायची.

आणि मग सुरू झालं ते बघून माझा जीव रोज थोडा थोडा जळायला लागला. कोणी तिला वाईट बोललं नाही, हेच तर खरं दुखणं. वाईट बोलले असते तर मी भांडले असते. तिच्या चटईवर दुसरं कोणी बसेना, एवढंच. ती पुढून आली की बायका लेकरांच्या तोंडावरून पदर ओढायच्या, जणू ऊन लागतंय. उपासनेत आम्ही एकमेकांना हात मिळवून "शांती असो" म्हणतो. ती शांती रांगेनं येत येत तिच्या अलीकडच्या बाईपर्यंत यायची आणि तिथंच संपायची. मी माझी जागा सोडून मागं जायचे, तिचा हात हातात घ्यायचे, तर पुढून खोकल्याचे आवाज. दर वेळी मी लाल होऊन परत यायचे आणि पुढचं प्रवचन माझ्या कानात शिरायचं नाही.

ही मंडळी कोणाची आहे, हे सांगायला हवं. आम्ही बोटावर मोजण्याइतकी घरं. आणि आमचे आजे-पणजे सगळे कुठून ना कुठून हाकललेले. कोणाला विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते, कोणाला पंगतीत उकिरड्याच्या बाजूला बसवायचे, कोणाच्या अंगावर डाग उठले म्हणून गावाबाहेर झोपडीत टाकलेलं. अशा लोकांनी मिळून हे कौलारू चर्च उभं केलं. म्हणूनच त्यांनी कापणीच्या सणाची एक रीत घालून दिली. धान निघालं की प्रत्येक घरानं नवे तांदूळ फडक्यात बांधून आणायचे आणि एकाच गंजात ओतायचे. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पितळी पातेलं. कोणाचे किती, कोणाचे कसले, हे बोलायचं नाही. कोणी बारीक एचएमटी आणतो, कोणी जाडा, ज्याला शेत नाही तो राशनचा. तो भात कधीच धड शिजत नाही. अर्धा मोकळा, अर्धा लगदा. आम्ही दर वर्षी त्याला नावं ठेवत खातो आणि दर वर्षी वाढून मागतो. मला आमच्या सगळ्या धर्मातली ही गोष्ट सर्वांत जास्त समजते.

सणाच्या आधी समिती बसली. विषय एकच, खोली. समितीत पाळक, महिला मंडळाच्या म्हणून आमच्या जाऊबाई, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांच्या शब्दाबाहेर आमच्या मंडळीत पान हलत नाही. मी समितीत नाही. मी दारात उभी राहिले.

काका म्हणाले, "दया आहेच नं आपल्याले. पण बाई आपली नाही."

"मग आपली म्हणा," मी म्हटलं.

"अशी कशी म्हणू? बाप्तिस्मा नाही तिचा. मंडळीची नाही तर मंडळीची खोली कायले?"

पाळक चुळबुळले. "बाप्तिस्म्याचं मात्र अवघड आहे बाई. आजकालचं वातावरण तुम्ही पाहताच आहात. उद्या कोणी म्हणालं की खोलीचं आमिष दाखवून धर्म बदलवला, तर?"

"फालतूचा लफडा होऊन जाईल," काका म्हणाले.

"तिनं बाप्तिस्मा मागितलाच नाही," मी म्हटलं. "तिनं छप्पर मागितलं."

मी त्यांची दोन्ही वाक्यं मनात शेजारी शेजारी ठेवून पाहत होते. बाप्तिस्मा नाही म्हणून खोली नाही. खोली दिली आहे म्हणून बाप्तिस्मा नाही. दोन्ही बाजूंनी कडी लावलेलं असं दार मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांची भीती सगळी खोटी होती असं मी म्हणणार नाही. घरात चार माणसं प्रार्थनेला जमली तरी शेजारी विचारायला येतात, हे आम्ही भोगलंय. पण बाहेरच्या भीतीला घाबरून आतल्या माणसाला बाहेर काढायचं, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

शेवटी पाळकांनाच एक गोष्ट सुचली. "सण येतोय. तीही तांदूळ आणेल. एका गंजातलं सगळे जेवले, की मग कोणी काय म्हणणार? खोली तिची." काकांनी मान डोलावली. जाऊबाई पदराचं टोक पिळत राहिल्या. मला मात्र फार बरं वाटलं. पहिल्यांदाच कोणीतरी आमच्या आजोबांच्या डोक्यानं विचार केला, असं वाटलं.

मी तिला जाऊन सांगितलं. तिचे तांदूळ गंजात पडले की खोली तिची. "माहे तांदूळ चालतील जी?"

"सगळ्यांचे चालतात."

"पन माह्याजवळ तर नाही आहेत."

विकत घेऊन देते म्हटलं तर ऐकेना. रस्त्यापलीकडं एका पोवार शेतकऱ्याचं शेत आहे. कापणी झाली होती, भारे उचलले होते. ती त्याला विचारून शेतात उतरली आणि पडलेल्या लोंब्या वेचू लागली. आमच्याकडे याला सरवा म्हणतात. ती कुठली, कोण, असं त्या माणसानं काही विचारलं नाही. "वेच बाई," म्हणाला, "नाहीतरी पाखरंच खातात." आमच्या समितीला जे जमलं नाही ते तो बांधावर उभ्या उभ्या करून बैलगाडीकडं निघून गेला.

ते धान तिनं आमच्या परसातल्या जुन्या उखळात कांडलं. कोंडा पाखडून, खडे वेचून, तांदूळ हिरव्या फडक्यात बांधले. ती गेल्यावर जाऊबाईंनी ते उखळ दोन बादल्या पाणी ओतून धुतलं. वर्षानुवर्षं कोंबड्या त्यात चढतात, तेव्हा कधी धुतल्याचं मला आठवत नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण सणाच्या गडबडीत मी ते मनावर घेतलं नाही.

सणाच्या दिवशी चर्च भरलं. खांबांना धानाच्या लोंब्या बांधल्या होत्या. पाळकांनी दर सणाला सांगतात तीच शास्त्रातली गोष्ट घेतली: परमुलखातून आलेली विधवा, सासूसोबत उपाशी, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते, आणि शेताचा धनी तिला हाकलत नाही. त्यांनी फार सुंदर सांगितलं. बायकांनी पदरानं डोळे पुसले. ज्या बायकांनी डोळे पुसले त्यांच्या मागं, दारापाशी, सरवा वेचणारी एक विधवा बसली होती आणि एकीनंही मान वळवली नाही. मला वाटलं उठावं आणि एकेकीची हनुवटी धरून मागं फिरवावी.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मंग त्या बाईले घर भेटलं का जी?"

"भेटलं," मी म्हटलं.

ती हसली. आमच्याकडे आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हाच.

चर्चच्या मागं विटांच्या चुलीवर गंज चढला होता. घराघरातून लोक येऊन फडकी मोकळी करत होते. जाऊबाई तिथं उभ्या होत्या. तिची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "दे माय, मी टाकते," आणि फडकं तिच्या हातातून घेतलं. तिनं दिलं. हात जोडून मागं सरली.

मी पत्रावळ्या आणायला मागच्या खोपीत गेले, तर लाकडांच्या ढिगामागं ते हिरवं फडकं. गाठ तशीच.

मी फडकं घेऊन जाऊबाईंपुढं उभी राहिले. "ताई, हे काय?"

"हळू बोल."

"हे गंजात काऊन नाही पडलं?"

"लेकरं जेवणार आहेत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही टोनही मानता? इतकी वर्षं महिला मंडळात प्रार्थना चालवता, आणि हे मानता?"

"मानत नाही गं. पण लेकराच्या बाबतीत कायले धोका घ्यावा? आणि पाळकांना विचारून ठेवलं मी. ते म्हणाले, कोणाला कळू देऊ नका म्हणजे झालं."

म्हणजे खोली देणारे तेच, युक्ती सुचवणारे तेच, आणि ती युक्ती लाकडांमागं लपवायला परवानगी देणारेही तेच. प्रत्येकाला हो म्हणून झालं होतं. मी गाठ सोडली आणि सगळे तांदूळ उकळत्या गंजात ओतले. जाऊबाई माझा हात धरायला धावल्या, पण माझे हात रोज गर्दीतून वाट काढतात. त्यांना काही जमलं नाही.

मला वाटलं होतं, झालं, आता संपलं. पडलेले दाणे कोण वेचून काढणार?

दाणे कोणी वेचले नाहीत. माणसंच वेचली गेली. बातमी अंगणातून अशी पसरली की भाताला वाफ यायच्या आत अर्धं अंगण रिकामं झालं. कोणाला अचानक लग्न आठवलं, कोणाचं पोट बिघडलं, कोणाच्या म्हशीला वेण लागली. मोटरसायकली सुरू झाल्या. लेकरं रडत होती, त्यांना भात हवा होता; त्यांना टाकीवर बसवून नेलं. काकांनी मला येऊन सांगितलं, "पाप तुमच्या माथी बाई," आणि पोरासारखे भराभर चालत गेले. पाळक तेवढे थांबले. त्यांनी त्या भातावर फार लांब, फार भावपूर्ण कृपाप्रार्थना केली. आमेन झाल्यावर त्यांना एका आजाऱ्याच्या भेटीला जायचं होतं.

गंज भरलेला. पत्रावळ्या मांडलेल्या. ती आपल्या पत्रावळीपुढं बसून होती. "सारे कोठं गेले जी?"

"कामं आहेत सगळ्यांना."

तिनं गंजाकडे पाहिलं. "माहे तांदूळ पडले नं यात."

मी तिच्या पत्रावळीवर भात वाढला. दोघी जेवलो. ती पोटभर जेवली. मग मी रस्त्यावर जाऊन पलीकडच्या शेतातल्या मजुरांना हाका मारल्या. ते सगळे आले, सगळ्यांनी खाल्लं, आणि मीठ कमी आहे म्हणाले. त्यांच्यातलं कोणीही आजारी पडलं नाही, हे मी पुढं महिनाभर मंडळीत प्रत्येकाला धरून सांगितलं. लोक माझ्याकडे, मीच आजारी असल्यासारखे, पाहायचे.

पुढच्या रविवारी गंज राखेनं घासून, उन्हात वाळवून, चर्चमध्ये पुढं आणला आणि त्यावर प्रार्थना केली. पातेल्यावर! जिवंत बाईच्या डोक्यावर हात ठेवायला ज्यांचे हात वळले नाहीत, ते पितळेवर हात ठेवून उभे होते. मी उपासनेतून उठून बाहेर आले.

मला धर्मशास्त्र येत नाही. पण एवढं मला दिसतं, की आम्ही दारावर "सर्वांचे स्वागत" असं रंगवलंय आणि त्या "सर्वां"मध्ये आमच्यासारखेच सगळे धरलेत. प्रभूनं कोणाला जवळ बसवलं हे आम्हांला पाठ आहे, एकेक गोष्ट, एकेक ओळ. परीक्षा घेतली तर सगळे पास होतील. पण हाकललेलं माणूस खरंच दारात आलं की आम्ही आधी विचारतो, ते आमचं आहे का. अहो, ते कोणाचंच नाही, म्हणून तर आलंय! जे कोणालाच नजरेसमोर नको झालंय, त्याला आत घ्यायचं नसेल तर हे छप्पर आम्ही पावसाळ्यापुरतं बांधलं होतं का? हे सगळं मी समितीपुढं बोलले. काका म्हणाले, "बाई, आवाज हळू."

ती आता गोंदियात एका खानावळीत पोळ्या लाटते. तिथल्या मालकिणीनं तिला एकच प्रश्न विचारला होता, पोळ्या गोल येतात का. राहायला माडीवर जागा दिली आहे. मी जाते अधूनमधून. ती मला वाढते आणि आमच्या लोकांची खुशाली विचारते, नावानिशी, लेकरांसकट. मला तिथं बसून शरमेनं जेवण जात नाही.

पण ते नंतरचं. आधी तिला जावं लागलं, आणि ते कसं, हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. सगळे एका गंजातलं जेवले नाहीत, म्हणून खोली तिची झाली नाही. मी तिला म्हटलं होतं, माझ्या घरी चल, जे होईल ते होईल. ती म्हणाली, "माह्यापायी तुमच्या घरी भांडन नोको."

ज्या सकाळी निघायचं ठरलं, त्या सकाळी समिती खोलीवर आली. पाळक, काका, जाऊबाई, आणखी काही जण. तिनं खोली झाडून ठेवली होती आणि गाठोडं दाराशी आणलं होतं. त्यांनी तिच्यासाठी साडी आणली होती, बिस्किटं आणली होती. कोणीही जा म्हणालं नाही. "मंडळीच्या शांतीसाठी," पाळक म्हणाले, "तुम्ही समजून घेतलंत, प्रभू तुम्हांला याचं फळ देईल." मग सगळे तिच्याभोवती अर्धगोल करून उभे राहिले, माना खाली, हात जोडलेले, डोळे मिटलेले. माझे मात्र उघडे होते. पाळकांनी प्रार्थना केली. तिच्या वाटेवर दूत पाठव. तिला आसरा दे. तिला चांगली माणसं भेटव. त्यांचा आवाज भरून आला आणि ते मध्येच थांबले.

तिला वाटलं प्रार्थना संपली. तीही हात जोडून उभी होती. त्याच हळू आवाजात, कोणावर राग नाही असं, ती म्हणाली, "गावानं मले शिव्या देऊन हाकललं जी. तुमी देवाचं नाव घेऊन हाकलून राहिले."

आणि डोळे मिटूनच, सवयीनं, सगळे म्हणाले, "आमेन."